मेंढीला जुळी व्हावीत म्हणून निवड करताना: अंडाशयात काय बदलतं आणि पायरी पायरीने काय करायचं

जुळी देणारी मेंढी राखायची, एकेकटं देणारी विकायची, झाली निवड, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. चार-पाच वर्षं इमानदारीत असं करूनही कळपाची सरासरी जागची हलत नाही, मग माणूस चाऱ्याला दोष देतो, नराला देतो, आणि शेवटी नशिबाला देतो. खरी गडबड अशी आहे की कोकरू दिसतं डोळ्याला, पण निवड काम करते अंडाशयावर, आणि अंडाशयात सुटलेलं बीज आणि कळपात हिंडणारं कोकरू यांच्यामधे पाच महिन्यांचं अंतर आणि शंभर भानगडी आहेत. म्हणून या लेखात पायरी पायरीने काय करायचं ते सांगतोच, पण प्रत्येक पायरीला मेंढीच्या आत काय चाललंय तेही सांगतो, कारण ते कळलं नाही तर पायऱ्या पाठ करून उपयोग नाही.

सुरुवातीला मेंढीचं घड्याळ

मेंढीचं माजचक्र साधारण १६-१७ दिवसांचं. माज टिकतो २४ ते ३६ तास आणि बीज सुटतं माजाच्या शेवटी शेवटी. गाभणकाळ १४७ ते १५० दिवस. थंड मुलखातल्या जाती दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात, कारण रात्र वाढली की मेंदूतली पिनिअल ग्रंथी जास्त वेळ मेलाटोनिन सोडते आणि त्यावरून शरीराला ऋतू कळतो. विषुववृत्ताकडच्या जातींमधे हे बंधन बरंच सैल असतं, त्या वर्षभर कधीही येऊ शकतात. हंगामी जातीत बीजांची संख्या हंगामाच्या मधे जास्त आणि सुरुवातीला नि शेवटाला कमी असते, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीला फळलेल्या मेंढीची तुलना मधल्या हंगामात फळलेलीशी करणं म्हणजे सरळसरळ अन्याय आहे.

आता खरा मुद्दा, एकच बीज का सुटतं? मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे हार्मोन वाढतं आणि अंडाशयातली बारीक पुटिकांची एक तुकडी वाढायला लागते (पुटिका म्हणजे बीज सांभाळणारी पाण्याची पिशवी समजा). त्यातली एखादी जरा पुढे निघते, ती इस्ट्रोजेन आणि इनहिबिन ही हार्मोन सोडते, आणि हे दोन्ही जाऊन एफएसएच खाली पाडतात. एफएसएच पडलं की मागे राहिलेल्या पुटिका उपाशी मरतात. पुढे निघालेली मात्र तगते, कारण तिच्या पेशींवर तोपर्यंत एलएच या दुसऱ्या हार्मोनला पकडणारे हात फुटलेले असतात, तिला एफएसएचची फारशी गरज उरत नाही. म्हणजे पुढची पुटिका मागच्यांच्या तोंडचा घास काढून घेते.

दोन बीजं सुटायची तर या गोष्टीत कुठेतरी ढिलाई हवी. एकतर एफएसएच जरा जास्त वेळ टिकायला हवं, नाहीतर पुटिकांना एलएचचे हात लवकर फुटायला हवेत, नाहीतर मागच्या पुटिका मरायचं प्रमाण कमी व्हायला हवं. तुम्ही जुळ्यांसाठी निवड करता तेव्हा नकळत यातलंच एखादं दार उघडत असता, आणि कोणतं दार उघडलं यावर पुढची सगळी काळजी ठरते.

पायरी १: नेमकं काय वाढवायचंय ते कागदावर लिहा

बरेच लोक लिहितात "जन्मलेली कोकरं". चूक. लिहायचं असं: नर दिलेल्या प्रत्येक मेंढीमागे दूध सुटेपर्यंत जगलेली कोकरं. कारण हा आकडा गुणाकाराने बनतो, किती मेंढ्या गाभण राहिल्या, प्रत्येकीला किती बीजं सुटली, त्यातले किती गर्भ टिकले, जन्मलेल्यातली किती जगली.

समजण्यापुरते आकडे धरू. १०० मेंढ्यांना नर दिला, ९० गाभण राहिल्या, सरासरी दीड कोकरू झालं तर १३५ जन्मली, त्यातली २० टक्के गेली तर उरली १०८. आता दुसऱ्या कळपात सरासरी २.२ आहे, ९० मेंढ्यांची १९८ कोकरं, पण तिळी-चौळी बारीक निघाली आणि ४५ टक्के गेली, उरली १०९. एका कोकराच्या फरकासाठी ८९ कोकरं पुरायची! आणि मेंढ्यांची हाडं निघाली ती वेगळीच. पहिल्या कळपात मरतूक २० वरून १० टक्क्यांवर आणली असती तर निवड न करता १२१ मिळाली असती. म्हणून पहिलं काम, मरतूक जास्त असेल तर निवड थांबवा आणि आधी ती खाली आणा, ज्या कळपात एकटं जन्मलेलं कोकरूही मरतंय तिथे जुळी आणून काय करणार.

पायरी २: नोंदी, आणि कंटाळा आला तरी नोंदी

कानात बिल्ला, आई कोण, बाप कोण, व्यायल्याची तारीख, कितवं वेत, किती जन्मली (मेलेलीसुद्धा मोजायची), जन्मवजन, दूध सुटताना किती उरली. याशिवाय दोन गोष्टी ज्या कोणी लिहीत नाही: नर सोडताना मेंढीचं वजन आणि तिचा अंगस्थितीचा गुण. हा गुण १ ते ५ असतो, पाठीच्या कण्यावर कमरेच्या जागी बोटं दाबून बघायचं, १ म्हणजे नुसती हाडं आणि ५ म्हणजे चरबीत बुडालेली, नर देताना ३ च्या आसपास हवी.

हे का, तर जड आणि भरलेली मेंढी जास्त बीजं सोडते, वजनात दर किलोमागे साधारण दोन टक्क्यांच्या आसपास बीजसंख्या वाढते. चाऱ्याच्या जोरावर जुळी दिलेली मेंढी आणि रक्तात जुळी असलेली मेंढी वहीत सारखीच दिसते. वयाचंही तेच, पहिलारू कमी देते आणि तिसऱ्या-चौथ्या वेतापुढे ती भरात येते, त्यामुळे तुलना करायची तर पहिलारूची पहिलारूशीच. भाकड राहिलेल्या मेंढीची नोंदही हवीच, शून्य हाही आकडा आहे, ती वहीतून गळली की सरासरी उगाच फुगते.

आता ते गणित ज्यामुळे माझे डोळे उघडले. एका वेतातली कोकरांची संख्या हा गुण फक्त १० टक्क्यांच्या आसपास अनुवंशिक असतो, बाकी चारा, वय, हवामान, योगायोग. समजा कळपाची सरासरी १.२ आहे आणि तुम्ही फक्त जुळी देणाऱ्या निवडल्या, म्हणजे त्यांची सरासरी २. फरक ०.८. त्याचे १० टक्के म्हणजे ०.०८, आणि नर साधाच वापरला तर आईकडून निम्मं येणार, म्हणजे ०.०४. पुढच्या पिढीत १०० मेंढ्यांमागे चार कोकरं जास्त! आणि मेंढीची पिढी तीन-चार वर्षांची. यात फसवणूक कोणाचीच नाही, गुणच तसा आहे.

मग करायचं काय? एका वेतावर निर्णय घ्यायचा नाही. तीन वेतांची सरासरी घ्या, आईची घ्या, बहिणींची घ्या, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नर निवडा अशा आईचा जिने तीन-चार वेतांत सातत्याने जुळी देऊन दोन्ही जगवलीत. एक नर वर्षाला तीस-चाळीस कोकरांचा बाप होतो, मेंढी दोघांची आई, त्यामुळे निवडीची खरी ताकद नरात आहे आणि गंमत म्हणजे नर स्वतः कधी व्यायत नाही, त्याची परीक्षा आई, बहिणी आणि मुलींवरूनच होते. नर स्वतः जुळ्यातला आहे का याला लोक फार मान देतात, त्याने थोडं कळतं, पण फार थोडं. कळप मोठा असेल तर सगळ्या नातेवाइकांच्या नोंदी एकत्र करून पैदास मूल्य (म्हणजे जनावर पुढच्या पिढीला रक्तातून किती देईल याचा अंदाज) काढणारं सॉफ्टवेअर वापरा.

पायरी ३: दोन रस्ते आहेत, एक निवडा

पहिला रस्ता सावकाशीचा, अनेक बारीक जनुकांचा. फिनलंडची फिनशीप आणि रशियाची रोमानोव्ह या जातींची खूप कोकरं देण्याची ख्याती मुख्यतः अशीच घडलेली, एकेका जनुकाचा वाटा बारीक पण सगळे मिळून मोठा. या रस्त्याने शरीरातला बदल पसरट असतो. पुटिका निवडीची खिडकी जरा जास्त वेळ उघडी राहते, मागच्या पुटिका कमी मरतात, मादी वयात लवकर येते. १९७० च्या दशकात एडिनबरामधे लँड या शास्त्रज्ञाने मांडलं होतं की नराचं वृषण आणि मादीचं अंडाशय दोन्ही त्याच पिट्युटरीच्या हार्मोनवर चालतात, तेव्हा मोठ्या वृषणाच्या नराच्या मुलींमधे बीजसंख्या जास्त असायला हवी. हा संबंध सगळ्या जातींत सारखा पक्का दिसत नाही, पण वृषणाचा घेर हा मोजायला सोपा आणि बऱ्यापैकी अनुवंशिक गुण आहे, टेप लावायला कुठे पैसे पडतात.

दुसरा रस्ता एका मोठ्या जनुकाचा, आणि याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या फार्मवर सीअर्स बंधू मेरिनो मेंढ्यांत जास्त कोकरं देणाऱ्या राखत होते. तिथली जनावरं १९५८ पासून सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेकडे आली, जिथे हेलन न्यूटन टर्नर १९५४ पासून जुळ्यांसाठी निवडीचा प्रयोग करत होत्या. पुढे १९८० च्या सुमाराला लक्षात आलं की बुरूलाचा गुण बारीक बारीक जनुकांचा नाहीच, एकच जनुक सगळा कारभार करतंय. २००१ साली ते सापडलं, सहाव्या गुणसूत्रावरचं बीएमपीआर१बी, त्यातला हा बदल म्हणजे फेक-बी. आणि हा बदल मुळात आला कुठून, तर १७९२-९३ मधे बंगालमधून ऑस्ट्रेलियात गेलेल्या मेंढ्यांकडून, सुंदरबनातल्या बुटक्या गरोळ मेंढीत तोच बदल आजही आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने हीच गरोळ, दख्खनी आणि आणखी काही जातींचा संकर करून नारी सुवर्णा तयार केली, तिथे बदललेल्या जनुकाची एक प्रत असलेल्या (प्रत्येक जनावरात जनुकाच्या दोन जागा, एक आईकडून आणि एक बापाकडून) मेंढीची सरासरी दीड कोकराच्या आसपास येते. दोनशे वर्षांनी फिरून तेच जनुक आपल्याकडे कामाला लागलं.

फेक-बी अंडाशयात काय करतं ते नीट बघा. बीएमपीआर१बी हा पुटिकेच्या पेशींवरचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारा हात) आहे, त्याच्याकडून येणारा संदेश पेशींना सांगतो की जरा थांबा, घाई करू नका. बदललेल्या ग्राहकाला हा संदेश नीट ऐकू येत नाही, म्हणजे ब्रेक सैल. पुटिका लवकर पिकते. साध्या मेरिनोत बीज सुटताना पुटिका ५ ते ७ मिलिमीटरची असते, बुरूलात ३ ते ४.५ मिलिमीटरलाच तयार. तिच्यात पेशीही कमी. पुटिका बारीक असल्याने एकेकटी इस्ट्रोजेन आणि इनहिबिन कमी सोडते, मग एफएसएच पुरतं पाडायला तीन-चार पुटिका मिळून लागतात, म्हणून तेवढ्या तगतात. सगळ्यांची बेरीज केली तर पेशी आणि हार्मोन साध्या मेंढीच्या एका मोठ्या पुटिकेएवढीच भरतात. पिट्युटरीला वाटतं सगळं नेहमीसारखंच चाललंय. मला हा प्रकार फार आवडतो, मेंदूचा हिशोब तोच, फक्त एका नोटेऐवजी चिल्लर दिली.

पण आता आकडे बघा. मोठ्या जातींत एक प्रत असली की साधारण दीड बीज जास्त सुटतं आणि कोकरू साधारण एक जास्त मिळतं. दोन प्रती असल्या की बीजं तीन जास्त, कोकरं मात्र दीडच जास्त. म्हणजे वरच्या बीजांतली निम्मी वाटेतच गेली. अंडाशय दारं उघडतं, गर्भाशय नाही उघडत.

मोठ्या जनुकांचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो धोक्याचा. न्यूझीलंडमधे रॉमनी जातीची ए२८१ क्रमांकाची एक मेंढी होती, ११ वेतांत ३३ कोकरं दिली तिने. तिच्या वंशात सापडलेला इन्व्हरडेल बदल एक्स गुणसूत्रावरच्या बीएमपी१५ जनुकात आहे. हे प्रथिन बीज स्वतः सोडतं. एक प्रत बिघडली की पुटिका लवकर पिकतात आणि साधारण एक बीज जास्त सुटतं, पण दोन्ही प्रती बिघडल्या की पुटिका वाढायला सुरुवातच करत नाहीत, अंडाशय नुसती पट्टी होऊन राहतं आणि मेंढी जन्माची वांझ. केंब्रिज आणि बेल्क्लेअर या जातींतल्या जीडीएफ९ जनुकाच्या बदलाचंही तेच, एक प्रत वरदान, दोन प्रती वांझपण. म्हणजे यांच्यात जास्त कोकरं देणाऱ्याला जास्त कोकरं देणाऱ्याशी आंधळेपणाने लावत गेलात तर काही काळाने कळपात भाकड मेंढ्या दिसायला लागतील आणि कारण कळणार नाही.

पायरी ४: मोठं जनुक घेतलं तर टेस्ट करा, अंदाज नको

रक्ताचा किंवा कानाच्या तुकड्याचा नमुना, पीसीआर टेस्ट (प्रयोगशाळेत जनुक तपासायची पद्धत), बस. फेक-बीची टेस्ट आता जुनी आणि सरळ झालीय. कोकरू लहान असतानाच कळतं की प्रत शून्य, एक का दोन, नर असो का मादी. "याच्या आईला तिळी झाली होती" यावर नर विकत घेऊ नका, एक प्रतवाल्या आईची निम्मीच पोरं ती प्रत घेऊन येतात.

पायरी ५: जोड्या

फेक-बीसाठी हिशोब असा. एक प्रतवाला नर साध्या मेंढ्यांवर सोडला की निम्मी पोरं एक प्रतवाली. दोन प्रतवाला नर साध्या मेंढ्यांवर सोडला की सगळीच्या सगळी एक प्रतवाली, हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. एक प्रतवाले दोघं एकमेकांना लावले की चौथाई पोरं दोन प्रतवाली, आणि त्यातल्या माद्या तिळी-चौळीकडे जाणार. दोन प्रतवाल्या माद्या मुद्दाम राखायच्या नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. दोन प्रतवाले नर मात्र सोन्यासारखे, त्यांना स्वतःला काही त्रास नाही, नराची प्रजननक्षमता नेहमीसारखीच असते. म्हणून शहाणपणाची पद्धत अशी की एका छोट्या वेगळ्या गटात दोन प्रतवाले नर तयार करायचे आणि मोठ्या कळपात साध्या माद्यांवर वापरायचे.

इन्व्हरडेलसारख्या एक्सवरच्या बदलात वाहक (म्हणजे बदललेलं जनुक अंगात असलेल्या) नराच्या सगळ्या मुली वाहक, मुलगा एकही नाही. तिथे नियम एकच, वाहक मुलीला वाहक नर कधीही नाही. दिला तर तिच्या निम्म्या मुली वांझ निघणार.

यात एक छुपा खड्डा आहे ज्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोठं जनुक मिळालं की सगळ्यांना त्याच एका नराची पोरं हवी असतात, पाच-सहा वर्षांत कळपभर तेच रक्त, आणि रक्तसंबंध वाढला की गाभण राहण्याचं प्रमाण आणि कोकरांची जगण्याची ताकद दोन्ही घसरतात, म्हणजे ज्या गुणासाठी सगळा खटाटोप केला त्यालाच सुरुंग. प्रत वेगवेगळ्या, नात्यात नसलेल्या तीन-चार नरांच्या वंशात पसरवून घ्या आणि मगच वाढवा. दर दोन वर्षांनी नर बदला, नाहीतर तो स्वतःच्या मुलींवर जाईल.

पायरी ६: नर सोडण्याआधीची तयारी

वृषणात शुक्रजंतू तयार व्हायला साधारण सात आठवडे लागतात, म्हणून नराची तयारी आठ आठवडे आधी. ताप, उष्णतेचा तडाखा, पायाची जखम, यातलं काहीही झालं तर परिणाम दीड-दोन महिन्यांनी दिसतो, तेव्हा कोणालाच आठवत नाही. वृषणं हाताने दाबून बघा, दोन्ही सारखी, घट्ट, गाठी नाहीत. ३०-४० मेंढ्यांना एक नर पुरतो. त्याच्या छातीला रंग लावा आणि दर १६-१७ दिवसांनी रंग बदला, दुसऱ्या रंगाने परत रंगलेली मेंढी म्हणजे पहिल्यांदा न राहिलेली, हीसुद्धा वहीत नोंद. आणि महिनाभर नर नजरेआड, वासाआड ठेवून मग अचानक सोडला तर माजावर नसलेल्या मेंढ्याही काही दिवसांत बीज सोडतात, पहिलं बीज बहुतेक मुकं जातं (बीज सुटतं पण माज दिसत नाही) आणि खरा माज साधारण १८ आणि २४ दिवसांच्या आसपास दोन लाटांत दिसतो.

नर सोडण्याआधी दोन-तीन आठवडे खुराक वाढवायची पद्धत साध्या कळपात चांगली, बारीक मेंढ्यांना तर फारच. पण फेक-बीवाल्या मेंढीला याची गरज नाही, तिच्याकडे बीजं आधीच पुरेशी आहेत, आणखी वाढवून तिळी बोलवू नका. याहून मोठी चूक म्हणजे स्पंज (माज एकाच वेळी आणायला योनीत ठेवायचा हार्मोनचा स्पंज) आणि पीएमएसजी (बीजं वाढवणारं हार्मोनचं इंजेक्शन). साध्या मेंढीत १२-१४ दिवस स्पंज ठेवून काढताना ३०० ते ५०० युनिट पीएमएसजी देतात, ते एफएसएचसारखं काम करतं. ज्या अंडाशयाचा ब्रेक आधीच सैल आहे त्याला वरून ढकललं तर काय होईल? पाच-सहा-आठ बीजं. वाहक मेंढ्यांची यादी डॉक्टरांना इंजेक्शनच्या आधी दाखवा.

पायरी ७: पहिला महिना, जिथे बीजं गायब होतात

फळल्यानंतरचा पहिला महिना सगळ्यात दुर्लक्षित. गर्भ जायचे ते बहुतेक याच काळात जातात, कधी मेंढी उशिरा परत माजावर येते, कधी जुळ्यातलं एक गुपचूप विरघळतं आणि कोणाला पत्ताही लागत नाही. १२-१३ व्या दिवशी गर्भाने स्वतः लांबट होऊन इंटरफेरॉन टाऊ नावाचा संदेश आईला द्यावा लागतो की मी आहे, पुढचा माज थांबव. बीजं जास्त सुटली की त्यातली काही कमी पिकलेली असू शकतात, त्यांचे गर्भ मागे पडतात, आणि मागे पडलेल्याला गर्भाशय थांबून घेत नाही.

या महिन्यात खाणं एकदम कमीही नको आणि एकदम जास्तही नको. जास्त का नको, तर भरपूर खाणाऱ्या मेंढीच्या यकृतातून रक्त जोरात फिरतं आणि गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन तिथे लवकर जिरून जातं. म्हणजे नर सोडण्याआधी खुराक, फळल्यावर नेहमीचा चारा, आणि महिनाभर ना लांबची पायपीट, ना कातरणी, ना गर्दीत कोंबणं.

पुढची मर्यादा जागेची. मेंढीच्या गर्भाशयात वार चिकटायला ठरावीक गुंड्या असतात, कामाला लागणाऱ्या साधारण ७० ते १००. एक कोकरू असलं तर सगळ्या त्याच्या, दोन असली तर वाटणी, तीन असली तर आणखी वाटणी. गुंड्या थोड्या मोठ्या होऊन भरपाई करतात पण पूर्ण नाही, म्हणून जुळी एकट्यापेक्षा हलकी आणि तिळी त्याहून हलकी जन्मतात. बीजसंख्येवर पिढ्यानपिढ्या निवड केली म्हणून या गुंड्या आपोआप वाढत नाहीत. गर्भाशयाची ताकद वाढवायची तर निवडीत दोन्ही कोकरांचं वजन आणि जगणं धरावंच लागतं.

पायरी ८: सोनोग्राफी आणि वेगळी पंगत

४५ ते ९० दिवसांत पोटावरून सोनोग्राफी केली की एक, दोन, तीन मोजता येतात. निवडीच्या कळपात हे फार मोलाचं, कारण सोनोग्राफीत दोन आणि जन्माला एक असेल तर हिशोब कळतो की अंडाशय चांगलंय, घोटाळा पुढे आहे. अशा मेंढीला "एकटं देणारी" म्हणून काढून टाकाल तर चुकाल, आधी गाभडण्याची कारणं तपासा.

मग गट पाडा. गर्भाची जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि नेमकं तेव्हाच पोटातली जागा कोकरांनी खाल्लेली असते, मेंढीला चारा जास्त लागतो पण बसतो कमी. जुळं पोटात असलेल्या मेंढीची उर्जेची गरज शेवटच्या महिन्यात नेहमीच्या जवळजवळ दुप्पट जाते. ती चाऱ्यातून भागली नाही की अंगची चरबी वितळते, यकृतावर लोड येतो, रक्तात कीटोन (चरबी वितळून तयार होणारे पदार्थ) वाढतात, मेंढी कळपापासून बाजूला उभी राहते, खात नाही, धडपडते, डोळ्याला दिसत नाही, आणि बरेचदा जाते. हा आजार एकटं कोकरू असलेल्या मेंढीला क्वचित, जुळी-तिळीवालीला नेहमीचा, आणि तुम्ही निवडीने कळपात जुळी वाढवली म्हणजे हा आजारही तुम्हीच वाढवला, हे मान्य करून तयारी करा. कमी जागेत जास्त ताकद देणारा खुराक, दिवसातून दोन-तीनदा विभागून, हळूहळू वाढवत.

जन्मल्यावर चीक. पहिल्या पाजणीत किलोला ५० मिली आणि पहिल्या २४ तासांत किलोला २०० मिली, म्हणजे तीन किलोच्या कोकराला आधी १५० आणि दिवसभरात ६००. २४ तासांनी आतड्याची दारं बंद होतात, मग चिकातली प्रतिकारशक्ती रक्तात जात नाही. सड दोनच आहेत, तिसऱ्या कोकराला बाटली नाहीतर दुसरी आई बघावी लागते. जाता जाता एक शंका लोक हमखास विचारतात ती, गाईसारखं नर-मादी जुळ्यातली मादी वांझ निघते का? मेंढीत हे होतं पण फार क्वचित, त्यामुळे केवळ भावाबरोबर जन्मली म्हणून मादी काढू नका.

पायरी ९: राखायचं कोणाला

दूध सुटल्यावर वही उघडा. माझी चाळणी अशी: आधी त्या माद्या बाजूला काढा ज्या दोन वर्षं लागोपाठ भाकड राहिल्या, ज्यांची कास बिघडलीय, ज्यांनी एक पिल्लू स्वीकारून दुसरं ढकललं. मग उरलेल्यांत नुसती संख्या न बघता दूध सुटताना तिच्या सगळ्या कोकरांचं मिळून वजन बघा, या एका आकड्यात बीज, गर्भाशय, दूध आणि माया सगळं येतं. तीन देऊन एक जगवणारी खाली जाते, दोन देऊन दोन जगवणारी वर येते. पहिलारूला एकटं झालं म्हणून काढायचं नाही, तिला दुसरं वेत द्या.

कळपाची सरासरी १.७-१.८ च्या पुढे गेली की मी संख्येवरची निवड बंद करायला सांगतो. कारण सरासरी १.८ म्हणजे सगळ्यांना जुळी असं नसतं, काही एकटी, बरीच जुळी, आणि तिळी आलेलीच असतात, सरासरी आणखी वर ढकलली तर एकटी कमी होण्यापेक्षा तिळी जास्त वाढतात. तिथून पुढे नर निवडताना आईने किती दिली हा प्रश्न मागे आणि तिची दोन्ही जवळपास सारख्या वजनाची होती का हा प्रश्न पुढे. मोठं जनुक वापरत असाल तर याच वेळी पुढच्या वर्षीचे नर टेस्ट करून ठेवा, आणि नको असलेले वाहक नर वयात यायच्या आत खच्ची करा किंवा वेगळे बांधा, कारण चार-पाच महिन्यांचा नरही कधी कधी काम करून जातो आणि मग बाप कोण हे वहीत लिहिता येत नाही.